पिल्लू कोंबडी होणार की कोंबडा? नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी

नाशिककडे हल्ली मळ्यात, वस्तीवर, अगदी बंगल्यामागच्या मोकळ्या जागेतही दहा-वीस कोंबड्या दिसू लागल्या आहेत. नवी पिल्लं आणली की पहिल्या आठवड्यातला प्रश्न ठरलेला असतो: यात तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) किती आणि कोंबडे किती? प्रश्न हौसेचा वाटतो, पण खरा पैशाचा आहे. अंड्यांसाठी म्हणून पिल्लं घेतली आणि निम्मे कोंबडे निघाले, तर पाच-सहा महिने सगळ्यांना दाणा घालायचा आणि अंडी निम्म्यांकडूनच घ्यायची. म्हसरूळ, पाथर्डी फाट्याकडच्या कॉलनीत राहणाऱ्यांना वेगळी काळजी असते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि झाकलेलं कोंबडंही पहाटे चारला आरवायचं राहत नाही. शेजारी मग सकाळी दारात.

तर मुद्द्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो. एकटं पिल्लू हातावर घेऊन "ही कोंबडीच" असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ओळख पटते ती तुलनेने. एकाच वाणाची, एकाच दिवशी फुटलेली पिल्लं शेजारी-शेजारी ठेवून, खूण करून, तीच तीच पिल्लं दर दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायची. असं केलं तर सहाव्या आठवड्याच्या आसपास बराचसा अंदाज येतो आणि तिसऱ्या महिन्यात शंका उरत नाही. त्याआधी जे काही आहे तो अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच वापरायचा.

अंड्यातच ठरलेलं असतं

कोंबड्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. अंड्यात डब्ल्यू गेला तर कोंबडी, झेड गेला तर कोंबडा. म्हणजे पिल्लाचं लिंग आईकडून ठरतं. माणसांत ते बापाकडून ठरतं, आणि तरी आपल्याकडे मुली झाल्याचा बोल आईलाच लावतात. तो बोल लावायचाच असेल तर खुराड्यात जाऊन लावावा, तिथे निदान शास्त्राला धरून होईल.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, अंडं घातलं जातं तेव्हा निकाल लागलेला असतो. उबवणीच्या मशीनचं तापमान कमी-जास्त करून माद्यांची संख्या वाढवता येत नाही, उलट अंडीच खराब होतात. दुसरी, साधारण निम्मे नर आणि निम्म्या माद्या हा हिशोब मोठ्या संख्येला लागू पडतो, तुमच्या खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखालच्या दहा पिल्लांना नाही. गणिताने पाहिलं तर दहा पिल्लांत बरोबर पाच-पाच निघण्याची शक्यता चारात एक इतकीच आहे. सात-तीन किंवा त्याहून विषम वाटणी तीनात एकदा होते. सात कोंबडे निघाले म्हणून कोंबडीत काही दोष आहे असं समजायचं कारण नाही, आणि सात तलंगा निघाल्या म्हणून "आपल्या कोंबडीला माद्याच होतात" असं गावभर सांगायचंही नाही.

अंड्याच्या आकाराची गोष्ट तर जगभर आहे. टोकदार, लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी, असं आपल्याकडे बरेच जण सांगतात. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं ते नेमकं उलट, लांबट अंडं मादीचं. नंतरचा रोमन लेखक कोलुमेला पुन्हा आपल्या बाजूचा. दोन हजार वर्षांत दोन्ही बाजू हटल्या नाहीत, कारण दोघांचंही निम्म्या वेळा बरोबर येतं! दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर किंवा पिल्लावर धरायची, ती गोल फिरली तर मादी आणि पुढे-मागे हलली तर नर, हाही त्यातलाच प्रकार. पिल्लाला पायांना धरून उलटं लटकवून ते कसं वळवळतं ते पाहणारेही आहेत. ते मात्र करू नका. पिल्लाचे पाय दुखावतात आणि कळत काहीच नाही.

उबवायला अंडी निवडताना आकार पाहायचाच असेल तर तो वेगळ्या कारणासाठी: फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी, तडा गेलेली अंडी बाजूला काढायची. एवढंच.

आधी वाण विचारा

पिल्लं घेताना पहिला प्रश्न "किती दिवसांची" हा नसावा, "कोणत्या वाणाची" हा असावा. कारण एका वाणाची खूण दुसऱ्याला लावली की गोंधळ होतो.

आपल्याकडे जे मिळतं ते ढोबळमानाने असं. पहिली गावरान, म्हणजे पेठ, सुरगाणा, हरसूल पट्ट्यातल्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सरमिसळ कोंबडी. दुसरी सुधारित परसातली: हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळुरूची गिरिराज, आणि जुनी आऱआयआऱ म्हणजे ऱ्होड आयलंड रेड. तिसरा कडकनाथ, मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा. त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि चौथी पांढऱ्या लेअर, म्हणजे फक्त अंड्यांसाठीच्या कोंबडीची पिल्लं, जी मोठ्या हॅचऱ्या (अंडी उबवणी केंद्रं) फक्त माद्या वेगळ्या करून फार्मवाल्यांना विकतात.

या चौथ्या प्रकाराशी एक गोष्ट जोडलेली आहे. जत्रेत किंवा सिग्नलपाशी गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं टोपलीत विकायला येतात. पोरं हट्ट करतात, आपण चार घेतो. ती बहुतेक वेळा लेअर हॅचरीतून बाजूला काढलेले नर असतात. अंडी ती देणार नाहीत आणि मांसही ब्रॉयलरसारखं भरणार नाही, म्हणून तर ती स्वस्त. त्यांच्यात तलंग शोधत बसण्यात वेळ घालवू नका.

वनराजा, गिरिराज वगैरे एकदिवसीय पिल्लं सहसा मिश्र मिळतात, नर-मादी न निवडता. दुकानदार त्याला "मिक्स" म्हणतो. मिक्स घेतली तर निम्मे कोंबडे धरूनच खर्चाचा हिशोब मांडा. अंडी देणाऱ्या बारा कोंबड्या हव्या असतील तर पंचवीस-तीस पिल्लं लागतील, मरतूक धरून.

पहिला दिवस: काय कळतं, काय नाही

गावरान पिल्लांत पहिल्या दिवशी खात्रीने काहीही कळत नाही. डोक्यावरचा ठिपका, पाठीवरचे पट्टे, डोळ्यामागची काळी रेघ यावरून लोक बोलतात. मादीची रेघ ठळक आणि नराची फिकट असते असं काही वाणांत थोडंफार खरंही ठरतं. पण गावरान म्हणजे इतकी सरमिसळ की एका कोंबडीखालच्या पिल्लांचे बापही दोन-तीन असू शकतात. रेघेवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

पंखाच्या पिसांवरून ओळखतात ते खरं आहे, पण सगळीकडे नाही. पिल्लाचा पंख हलकेच उलगडला की काठावर पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची मुख्य पिसं आणि त्यांच्या बुडाशी वरून झाकणारी छोटी पिसं. ठरावीक संकरात मादीची मुख्य पिसं वरच्या ओळीपेक्षा स्पष्ट लांब असतात, नराच्या दोन्ही ओळी सारख्या किंवा वरचीच लांब. हे घडतं कारण पिसं उशिरा येण्याचा गुण झेड गुणसूत्रावर असतो. उशिरा पिसं येणारी आई आणि लवकर पिसं येणारा बाप अशी जोडी मुद्दाम जमवली की आईचा झेड फक्त मुलांकडे जातो आणि मुलगे मागे राहतात. जोडी तशी जमवलेली नसेल तर दोन्ही लिंगांत काही पिल्लांची पिसं लांब आणि काहींची आखूड दिसतात, आणि त्यावरून नर-मादी ठरवलं तर ते नाणं उडवून ठरवल्यासारखंच. शिवाय ही खूण पहिल्या दोन-तीन दिवसांचीच. आठवड्याच्या पिल्लाचा पंख उलगडून "बघा, लांब आहेत" म्हणणाऱ्याला हसून सोडून द्या.

पहिल्याच दिवशी घरच्या घरी खरोखर चालणारी एक युक्ती मात्र आहे, आणि ती फारशी कुणी वापरत नाही. तुमच्याकडे राखाडी-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची कोंबडी असेल, प्लायमाउथ रॉकसारखी, आणि कोंबडा साधा तांबडा किंवा काळा असेल, तर त्यांची काळी पिल्लं पाहा. डोक्यावर पांढरा ठिपका असेल तो कोंबडा, ठिपका नसेल ती कोंबडी. पट्ट्यांचा गुण झेडवर असतो. आईकडे एकच झेड आणि तो जातो मुलाकडे. मुलगी आईकडून डब्ल्यू घेते, म्हणून ती बिनपट्ट्यांची. आऱआयआऱ कोंबडा आणि प्लायमाउथ रॉक कोंबडी ही त्यातली प्रसिद्ध जोडी. अटी तीन: कोंबडा पट्टेरी नको, पांढराही नको, आणि जोडी उलटी चालत नाही. पट्टेरी कोंबडा आणि साधी कोंबडी ठेवली तर ठिपका मुलामुलींना सारखाच दिसतो. आणखी एक, ही खूण पहिल्याच पिढीपुरती. त्यातल्याच पिल्लांची पुढे पैदास केली की हिशोब बिघडला.

दोन्ही पालक पट्टेरी असतील तर ठिपका सगळ्यांनाच येतो. नराचा मोठा आणि कडा विरघळलेला, मादीचा लहान आणि नेटका. मादीचे पाय जरा काळपट. इथे मात्र दहा-बारा पिल्लं एकत्र पाहिल्याशिवाय मोठा कोणता आणि लहान कोणता हेच कळत नाही.

शेवटी हॅचरीतली पद्धत. पिल्लाच्या शेपटीखालचं छिद्र बोटांनी उघडून आतली बारीकशी गाठ पाहायची. १९२० च्या दशकात जपानमध्ये कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली आणि तिथले तयार कारागीर मग जगभरच्या हॅचऱ्यांत कामाला गेले. सराईत माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं बाजूला करतो, आणि शंभरात चार-पाचच्या वर चुकत नाही. पण त्यामागे वर्षांचा सराव असतो. मोबाइलवर व्हिडिओ पाहून हे करू नका. दिवसाच्या पिल्लाचं पोट दाबलं गेलं तर आतली पिवळ्या बलकाची पिशवी फुटते, आणि नर होतं की मादी हा प्रश्नच उरत नाही.

खूण केल्याशिवाय काही खरं नाही

पहिल्या दिवसापासून सगळं कळत नाही म्हणून हात बांधून बसायचं नाही. पिल्लांना खूण करा आणि वहीत मांडा. बरेच नवे लोक हेच टाळतात आणि मग सहाव्या आठवड्यात "हे तेच का जे आधी मोठं होतं?" यावर घरात वाद.

वेगळा दिवस काढायची गरज नाही. लसीकरणासाठी प्रत्येक पिल्लू तसंही हातात येतं. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीसाठी (राणीखेत) लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटाचा दुसरा डोस, सहाव्या आठवड्याला देवीची, आठव्याला मानमोडीचीच आर-टू-बी लस. तुमच्या पशुवैद्यकाने दिवस थोडे पुढे-मागे सांगितले तर त्यांचं ऐका. पण त्या प्रत्येक वेळी पिल्लू हातात आलं की अर्धा मिनिट जास्त द्या: तुरा, पाय, पंख, शेपटी. वहीत पट्टीचा रंग आणि समोर "न?", "मा?" किंवा नुसतं प्रश्नचिन्ह. आधीचा अंदाज खोडू नका, त्याच्यापुढे नवा लिहा.

पट्टीसाठी कुक्कुट साहित्याच्या दुकानात रंगीत प्लॅस्टिकच्या रिंगा मिळतात. नाही मिळाल्या तर बारीक केबल टाय चालतो, पण पायात करंगळीचं नख सहज जाईल इतका सैल, आणि दर आठवड्याला पाहून बदलायचा. पाय झपाट्याने जाड होतो. घट्ट राहिलेली पट्टी मांसात रुतते आणि पिल्लू लंगडायला लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. लोकरीचा धागा वापरू नका, इतर पिल्लं तो ओढत बसतात. अंगावर रंग लावायचा असेल तर लाल टाळा. लाल ठिपका दिसला की बाकीची पिल्लं टोचतात, आणि एकदा रक्त निघालं की थांबत नाहीत. पाठीवर जांभळ्या औषधाचा ठिपका बरा.

आणखी एक गोष्ट निफाड, दिंडोरीकडच्यांसाठी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सगळ्यांत खाली जाणाऱ्यांत असतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. बल्ब कमी पडला तर कोपऱ्यातली पिल्लं गारठतात, वाढ खुंटते, पिसं उशिरा येतात. गारठलेली तलंग मग उशिरा पिसं आलेल्या कोंबड्यासारखी दिसते. म्हणून तुलना करायची ती एकाच ब्रूडरमधल्या (ऊब देणाऱ्या जागेतल्या), धडधाकट पिल्लांची. मागे पडलेली पिल्लं वेगळी मोजा.

तिसरा ते पाचवा आठवडा: पिसं

या दिवसांत तुऱ्यापेक्षा पिसं जास्त बोलतात, विशेषतः आऱआयआऱ, वनराजा यांसारख्या अंगाने भरणाऱ्या वाणांत. तलंगांच्या खांद्यावर आणि पाठीवर पिसं लवकर भरतात, शेपटीला छोटा पण सरळ पंखा येतो. कोंबड्यांची पाठ आणि खांदे उघडे राहतात, शेपटीच्या जागी नुसता वाकडा गोंडा. एकूण ध्यान आठवीतल्या पोराचं: पाय लांबलेले, जाड, आणि अंगावरचे कपडे तोकडे.

पाय पाहताना पिल्लू जमिनीवर सोडून पाहा, हातात नाही. नराचे नडगीपासूनचे पाय जाड असतात आणि तो मान ताणून उभा राहतो. पण हा फरक सरासरीचा आहे. गावरान पिल्लांत एखादी तलंग सगळ्यांत दांडगी निघते.

वागणुकीवर फार जाऊ नका. छाती फुगवून एकमेकांसमोर उभी राहणारी पिल्लं पाहून लोक म्हणतात, "हे दोन्ही कोंबडे." तीन आठवड्यांच्या तलंगाही तितक्याच भांडतात. घारीची सावली पडली की पळते ती मादी आणि थांबतो तो नर, असंही ऐकू येतं. सावली पडल्यावर न पळणारं पिल्लू फार तर घारीच्या उपयोगाचं.

सहावा आठवडा: तुरा

इथून खरा अंदाज सुरू होतो. करवतीसारखा उभा तुरा असणाऱ्या पिल्लांत नराचा तुरा या वयात तलंगेच्या दुप्पट दिसू शकतो, आणि त्याहून महत्त्वाचं, तो लाल झालेला असतो. हनुवटीखालच्या पाळ्याही लाल दिसायला लागतात. तलंगेचा तुरा अजून बुटका आणि पिवळसर-गुलाबी. सकाळी सावलीत, सगळी शांत असताना पाहा. दुपारच्या उन्हात पळापळ झाली की सगळ्यांचेच तुरे लालसर होतात.

दोन ठिकाणी ही खूण फसते. असीलसारख्या झुंजी कोंबड्यांचा आणि त्यांचं रक्त असलेल्या गावरान पिल्लांचा तुरा चपटा, वाटाण्याच्या दाण्यांसारखा असतो. तिथे लांबी-रुंदीचा फरक उशिरा दिसतो, दोन-तीन आठवडे जास्त द्यावे लागतात. आणि कडकनाथ. त्याचा तुराच काळपट-जांभळा, त्यामुळे लाली शोधून उपयोग नाही. तिथे फक्त आकार पाहायचा, तोही भावंडांशी लावून. कडकनाथ घेऊन "तुरे काळे आहेत म्हणजे सगळ्या माद्या" असं कुणी म्हटलं तर विक्रेता बदला.

अंगावर नक्षी असलेल्या गावरान पिल्लांत रंगच मदतीला येतो. आई रानकोंबडीच्या वळणाची तपकिरी असेल, तर सहा-आठ आठवड्यांच्या नरांच्या छातीवर काळी पिसं येऊ लागतात आणि खांद्यावर गडद तांबडे डाग दिसतात. तलंगांची छाती फिकट बदामी-नारिंगी आणि पाठ तपकिरी, बारीक रेघांची. खांद्यावर विस्कटलेल्यासारखे तांबडे डाग, मोठा लाल तुरा आणि जाड पाय, या तिन्ही खुणा एकाच पिल्लात असतील तर वहीत प्रश्नचिन्ह न लावता "न" लिहायला हरकत नाही. पूर्ण काळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या पिल्लांना अर्थातच हे लागू नाही.

दहावा ते चौदावा आठवडा: शेपटीच्या बुडाशी पाहा

सगळ्यात भरवशाची खूण हीच, आणि नवे लोक नेमकी ती सोडून मानेकडे पाहत बसतात. मानेची पिसं कोंबडीचीही जरा निमुळती असतात. पक्षी काखेत धरा, पाठीच्या शेवटी, शेपूट सुरू होते तिथे दोन्ही बाजूंची पिसं बोटाने उचला. कोंबड्याची पिसं तिथे अरुंद, टोकाला अणकुचीदार आणि चकाकणारी असतात, बाजूला ओघळतात. तलंगेची रुंद आणि टोकाला गोल. एक जरी टोकदार, चकचकीत नवं पीस त्या जागी उगवताना दिसलं तर तो कोंबडा. गोल टोकाची पिसं असतील आणि पक्षी बारा आठवड्यांचा असेल तर बहुधा तलंग. हळू वाढणाऱ्या गावरानसाठी चौदा आठवड्यांपर्यंत थांबा. त्याच सुमारास कोंबड्याच्या शेपटीत वाकणारी लांब पिसंही दिसू लागतात.

आरवणं कधी? काही कोंबडे आठव्या आठवड्यातच घसा साफ केल्यासारखा अर्धवट आवाज काढतात, काही चौथ्या महिन्यापर्यंत गप्प. कळपात एक दांडगा कोंबडा असेल तर बाकीचे त्याच्या धाकाने आरवतच नाहीत. म्हणून न आरवणारा म्हणजे तलंग असं धरू नका. पायावरचा काटाही यासाठी फार उशिरा येतो.

एक शेवटचा घोळ पाचव्या-सहाव्या महिन्यात होतो. तोवर फिकट असलेला तलंगेचा तुरा अचानक लालभडक होतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं बाई, हा तर कोंबडा निघाला, काढून टाका." थांबा. ती अंड्यावर आली आहे. पाठीवर हात ठेवला की ती पंख किंचित पसरून खाली बसते का पाहा, आणि शेपटीखालची दोन हाडं चाचपून पाहा. दोन-तीन बोटं मावतील इतकी ती फाकली असतील तर अंडं आठवड्या-दोन आठवड्यांत. आऱआयआऱ साडेपाच महिन्यांच्या आसपास अंड्यावर येते, गावरान सहा-सात महिने घेते.

बाजारात विकत घेताना

पेठ, हरसूल, घोटीकडच्या आठवडे बाजारात डालग्यातून पिल्लं येतात. संवाद साधारण असा:

"मावशी, सगळ्या तलंगाच ना?"

"हाव दादा, एकबी कोंबडा नाय. घे डोळे झाकून."

डोळे झाकून घेऊ नका. मावशी खोटं बोलते असं नाही. महिन्याच्या पिल्लांबद्दल तिलाही अंदाजच असतो, फक्त तुमच्यापेक्षा चांगला. डालगं झाकलेलं असेल तर उघडायला सांगा, सगळी पिल्लं एकदम पाहा आणि ज्यांचे तुरे सगळ्यांत लहान आणि फिकट आहेत आणि पाठ भरलेली आहे, ती पिल्लं उचला. मात्र सुस्त, पंख पाडलेलं, डोळ्यात पाणी असलेलं पिल्लू तलंग असलं तरी नको. तुरा आजारानेही फिका पडतो. बाजारातून आणलेली पिल्लं दोन आठवडे तरी जुन्या कळपापासून लांब ठेवायची, हे वेगळं सांगायला नको.

कोंबडे नकोच असतील तर महिन्याची पिल्लं घेण्यापेक्षा आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगा घ्या. महाग पडतात, पण लसी झालेल्या असतात, ब्रूडरचा आणि विजेचा खर्च वाचतो आणि नर-मादी बऱ्यापैकी ओळखता येतं. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या तलंग गट वाटप योजनेतही हेच वय धरलेलं आहे: ८ ते १० आठवड्यांच्या २५ माद्या आणि ३ नर असा गट, त्यावर अनुदान. अर्ज कधी निघतात आणि अटी काय, ते तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीत विचारा. प्रत्यक्ष पक्षी पाहून शिकायचं असेल तर नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे.

त्या २५ ला ३ मध्ये एक व्यवहार आहे. उबवायची अंडी हवी असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. नुसती खायची अंडी हवी असतील तर कोंबडा मुळीच लागत नाही, कोंबडी त्याच्याशिवायही तितकीच अंडी देते. कॉलनीत राहणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

निघालेल्या कोंबड्यांचं काय?

बाराव्या आठवड्यात वहीत "न" पक्कं झालं की कोंबडे वेगळे करा. एकत्र राहिले तर तलंगांच्या पाठीची पिसं ओरबाडली जातात आणि दाण्यावर दादागिरी होते. खाद्यही वेगळं लागतं. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना जे चुन्याचं प्रमाण जास्त असलेलं लेअर खाद्य देतात, ते नरांना महिनोन्‌महिने देऊ नये. मूत्रपिंडावर ताण येतो. ग्रोअर, म्हणजे वाढीच्या वयाचं खाद्य आणि मोकळं चरणं त्यांना पुरेसं.

विकायचे असतील तर आखाडाकडे डोळा ठेवा. श्रावण लागण्याआधीचे ते तीन-चार आठवडे गावरान कोंबड्याला मागणी असते, दीपअमावस्येच्या आदल्या दोन दिवसांत तर घरी येऊन नेतात. श्रावण लागला की तेच कोंबडे उभे राहून दाणा खातात. गावरान कोंबडा दीड किलोच्या आसपास भरायला पाच-सहा महिने घेतो, म्हणजे आखाडात विकायला पिल्लं जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला फुटलेली हवीत, आणि त्यासाठी अंडी २१ दिवस आधी, संक्रांतीच्या सुमारास, खुडूक कोंबडीखाली किंवा मशीनमध्ये गेलेली हवीत. ती निफाडची ऐन थंडी, तेव्हा बल्ब दोन जास्तीचे आणून ठेवा आणि रात्री लोडशेडिंग असेल तर तव्यावर निखारे किंवा गॅस ब्रूडर तयार ठेवा. निखारे ठेवले तर धूर बाहेर जायला वरच्या बाजूने फट हवी.

पैदाशीसाठी ठेवायचा कोंबडा मात्र या उरलेल्यांतून उचलू नका. सगळ्यांत आधी तुरा लाल झालेला, पाय सरळ, अंगावर लवकर पिसं भरलेला असा एक वहीत सहाव्या आठवड्यापासूनच खूण करून ठेवा. शक्य असेल तर तो दुसऱ्याच्या कळपातला घ्या आणि आपला त्याला द्या. आपल्याच तलंगांवर आपलाच भाऊ-कोंबडा सोडला की दोन-तीन पिढ्यांत अंडी कमी फुटायला लागतात.